बीगल पिल्लू, १० महिने – ससा, खार आणि जखमी हरीण, तिन्ही एकाच कुत्रीला शिकवता येतं का? आणि आधी काय?

पिट्सबर्गकर

नमस्कार मंडळी, थोडं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी वेस्टर्न पेनसिल्व्हेनियात राहतो, पिट्सबर्गपासून तासाभरावर. शिकार हा आपल्या लोकांत नाजूक विषय आहे हे मला माहीत आहे, पण इथे सीझन ठरलेला असतो, रोज किती मारायचे त्याची मर्यादा असते, मी हंटर एज्युकेशनचा कोर्स करून रीतसर लायसन्स काढलंय आणि जे मारतो ते आमच्या घरी शिजतं. म्हणून तो वाद या धाग्यावर नको, कुत्रीबद्दल बोलूया.

आमची चिंगी. बीगल, उंचीने १३ इंचांच्या आतली, आता १० महिन्यांची. शेजारच्या आजोबांनी दिली, त्यांनी आयुष्यभर बीगल पाळले, आता गुडघ्यांमुळे रानात जात नाहीत. पाचव्या महिन्यात तिने पहिल्यांदा सशाच्या मागावर तोंड उघडलं आणि तो आवाज ऐकून मीच दहा मिनिटं जागचा हललो नाही. आता ती काट्यांतून ससा उठवते, माग लागला की भुंकत जाते, पण अर्धा फेरा झाला की कुठेतरी वास तुटतो आणि मग ही बाई शंभर पावलं लांब जाऊन भलतीकडेच शोधत बसते.

दुसरं म्हणजे हरीण. दोन शनिवारपूर्वी ससा सोडून हरणामागे गेली. जीपीएस कॉलर होती म्हणून बरं, दोन तासांनी अडीच मैलांवर एका रस्त्याच्या कडेला सापडली, जीभ बाहेर, पायाच्या गाद्या सोललेल्या. रस्त्यावर ट्रक जात होते. घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही.

तिसरं, खार. अंगणात खार दिसली की ओकच्या बुंध्यावर पुढचे दोन पाय टेकून वर बघत भुंकते, अर्धा अर्धा तास. म्हणजे तिच्यात ते पण आहे असं मला वाटतं.

आणि चौथं जे मला खरं हवंय ते सांगतो. मागच्या वर्षी मित्राने बाणाने मारलेलं हरीण आम्हाला सापडलं नाही. टॉर्च घेऊन रात्री एकपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत शोधलं. तिसऱ्या दिवशी गिधाडं घिरट्या घालताना दिसली तेव्हा कळलं कुठे आहे ते. आम्ही तिथून जेमतेम दीडशे पावलांवरून दोनदा गेलो होतो. ते मला अजून आठवतं. पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून दोरीवर धरलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढायला परवानगी आहे, म्हणून चिंगीला ते काम शिकवायचंय.

पण मग गोंधळ हा, की सशाच्या वेळी हरणामागे गेली तर रागवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच हरणाच्या मागावर गेली तर शाबासकी द्यायची, तर तिने बिचारीने समजायचं काय? आधी काय शिकवू? तिन्ही जमतं का एका कुत्र्याला? आणि हरणासाठी शॉक कॉलर लावू का, मला मनातून नकोय पण इथले सगळे तेच सांगतात.

ओहायोवाला_अण्णा

बीगल पाळतोय २२ वर्षं झाली, आतापर्यंत नऊ कुत्री हाताखालून गेली, त्यातली दोन बिघडवली ती माझ्याच घाईने, म्हणून कळकळीने सांगतो. १० महिने म्हणजे अजून बालवाडी. हा पहिला हिवाळा फक्त ससा. दुसरं काही नाही.

का ते सांगतो. तुमच्या तिकडचा कॉटनटेल ससा आपली हद्द सोडून फार लांब जात नाही. उठला की फेरा मारतो आणि जिथून उठला तिथेच आसपास परत येतो, म्हणून तर आपण उठल्या जागी उभं राहून वाट बघतो. पण तो फेरा सरळ नसतो. सरळ पळत जाईल, मग आपल्याच पावलांवर थोडा मागे येईल आणि तिथून बाजूला लांब उडी टाकेल. तिथे वास एकदम संपतो. तुमची चिंगी जिथे चुकतेय ना ती हीच जागा, इथले लोक त्याला चेक म्हणतात. शहाणा कुत्रा तिथे काय करतो, पाय आखडता घेतो, वास संपला त्या जागेपासून लहान लहान वर्तुळं काढतो, हळूहळू मोठी करतो. कोवळा कुत्रा उत्साहाच्या भरात पुढेच पळत सुटतो कारण मघाशी ससा पुढे होता ना! हे शिकवून येत नाही, पन्नास-साठ सशांनंतर आपोआप येतं. आपण फक्त एक करायचं, गप्प उभं राहायचं. 'चिंगी इकडे, चिंगी इकडे' करत आपण त्या जागेवर नाचलो की होता तो वासही तुडवला जातो आणि वर तिला सवय लागते की अडलं की साहेब येतात.

चांगले दिवस निवडा. जमीन ओलसर, वारा पडलेला, आदल्या रात्री थोडा पाऊस झालेला. कोरडी गोठलेली जमीन आणि वर सोसाट्याचा वारा अशा दिवशी म्हाताऱ्या कुत्र्यालाही माग लागत नाही, पिल्लू नुसतं हिरमुसतं.

एखाद्या जाणत्या कुत्र्याबरोबर सोडायला हरकत नाही, पण चारातल्या तीन वेळा एकटीलाच न्या. नाहीतर ती नुसती दुसऱ्याच्या मागे भुंकत पळायला शिकते, स्वतःचं नाक वापरत नाही. असे कुत्रे मी खूप बघितलेत, बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर पळतंय.

आता हरीण. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात ग्रंथी असते, प्रत्येक पावलाला वास जमिनीवर उतरतो. सशापेक्षा तो माग कितीतरी सोपा. सोपं आहे म्हणून पिल्लू तिकडे जातं, वाईट आहे म्हणून नाही, तेव्हा तिच्यावर चिडू नका. जीपीएसच्या पडद्यावर रेघ बघायला शिका. ससा असेल तर रेघ वळते, गोल गोल गुंता होतो. रेघ चारशे-पाचशे यार्ड सरळ बाहेर गेली आणि आवाज न थांबता एकसारखा येतोय, म्हणजे हरीण. लगेच गाडी काढा आणि पुढून आडवे जा, मागून पळून काही उपयोग नाही. पकडली की एक शब्द बोलायचा नाही, ना राग ना लाड. दोरी लावायची, उचलून आणायची आणि पुन्हा काट्यांत सशावर सोडायची. सशावर तोंड उघडलं की मग तोंडभरून कौतुक. आजोबांना विचारा, आसपास बीगल क्लबचं कुंपण घातलेलं रान असेल, तिथे हरीण कमी, ससे भरपूर, पहिला सीझन तिथेच काढलात तर अर्धं काम झालं.

शॉक कॉलरबद्दल. माझी एक कुत्री होती, राणी. असाच सरळ रेघ गेलेला माग होता, मी न बघता बटण दाबलं. तो ससाच होता. रस्त्याच्या कडेकडेने सरळ पळाला होता. राणी परत आली आणि तो सगळा हिवाळा तिने माझ्या बुटाजवळून पाय हलवला नाही. काटेरी जाळी दिसली की बसायची. सहा महिने लागले तिला परत उभी करायला आणि ती पहिल्यासारखी कधीच झाली नाही. म्हणून सांगतो, कॉलर लावायचीच असेल तर सशावर ती पक्की झाल्यावर, आधी अंगणात कॉलरचा नुसता टोन (शॉकशिवायचा बीप) वाजला की परत यायचं हे शिकवून, आणि फक्त डोळ्याने हरीण आणि त्यामागे कुत्री दोन्ही दिसत असतील तेव्हा. अंदाजाने कधीच नाही.

खार सोडून द्या. बीगलने नाक जमिनीला लावून राहायचं, वर बघायची गोडी लागली की चेकवर अडली की झाडं बघत बसेल.

टेनेसीचा_मावळा

अण्णांशी बाकी सगळं पटतं पण खारीचं नाही पटत आणि 'एकच, एकच' हे सगळ्या कुत्र्यांना लागू नाही हेही सांगायला हवं.

माझ्याकडे माउंटन कर जातीचा कुत्रा आहे, वाघ्या, ६ वर्षांचा. दिवसा खार, रात्री रॅकून (इथलं झाडावर चढणारं, रात्री हिंडणारं केसाळ जनावर). कधी गल्लत करत नाही. का करत नाही तर खार दिवसा हिंडते आणि रॅकून रात्री, आणि दोन्ही वेळचं आमचं सगळंच वेगळं असतं. दिवसा निघतो तेव्हा हातात .२२ रायफल, गळ्यात साधा पट्टा. रात्री निघतो तेव्हा डोक्याला दिवा, पायात गमबूट, वाघ्याच्या गळ्यात लाइटवाला पट्टा. मी नुसता तो हेडलॅम्प चार्जिंगवरून काढला तरी त्याला कळतं आज काय आहे ते. माझ्या भागातले जुने लोक तर पिल्लाला आधी खारीवरच लावतात, कारण एका सकाळी दहा खारी मिळतात, म्हणजे दहा वेळा शिकायला मिळतं, रॅकून रात्रभरात एक दोन. नाक वापर, माग संपला तिथलं झाड धर म्हणजे बुंध्याशी थांबून भुंकत राहा, मालक येईपर्यंत जागचा हलू नकोस, हे सगळं खारीवर पक्कं होतं मग रॅकून जड जात नाही.

एक मोठा फायदा, बंदुकीचा आवाज. .२२ चा आवाज बारीक असतो. पिल्लाला पहिल्याच दिवशी डोक्यावर १२ बोअर वाजवली तर जन्मभराची भीती बसते. मी वाघ्याला जेवायला घालताना भाऊ दोनशे पावलांवर .२२ वाजवायचा, दर आठवड्याला थोडा जवळ. चिंगीचं हे झालंय का? नसेल तर ससा-हरीण सगळं बाजूला ठेवून आधी हे करा.

पण हेही प्रामाणिकपणे सांगतो की कर जातीत झाड धरणं रक्तातच आहे, पिढ्यान्‌पिढ्या त्यासाठीच निवडलेत. बीगल त्यासाठी नाही. चिंगी झाडावर भुंकते ती डोळ्याने बघून, नाकाने नाही. खार दिसली म्हणून भुंकली, हा शौक झाला. तिला झाडापासून रागवून ओढू नका पण बंदूक घेऊन तिच्यामागे खारीसाठी जाऊही नका. रॅकूनचा तर विचारही नको, तुमच्या राज्यात त्याला वेगळं फरटेकर (फरवाल्या जनावरांच्या शिकारीचं) लायसन्स लागतं आणि मोठा नर रॅकून पाण्यात बीगलच्या डोक्यावर बसला तर कुत्रा बुडतो.

ओहायोवाला_अण्णा

मावळे, बंदुकीच्या आवाजाचं लिहायचं राहिलंच होतं माझं, बरं आठवण केलीत. ते सगळ्यात आधी.

काळ्या_रानात

मी जर्मनीत असतो, ब्लॅक फॉरेस्टच्या बाजूला. चार वर्षांपूर्वी यागड्शाइन म्हणजे इथलं शिकारीचं लायसन्स काढलं, माझ्याकडे राठ केसांचा टेकल आहे, तुम्ही ज्याला डॅशहंड म्हणता तो. बिळातही जातो, झुडपातून जनावर हुसकावतो आणि जखमी जनावराचा मागही काढतो. तेव्हा पिट्सबर्गकर, तुमच्या चौथ्या प्रश्नावर मी बोलू शकतो आणि माझं मत अण्णांपेक्षा थोडं वेगळं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे जखमी हरणाचा माग हे कुत्र्याच्या दृष्टीने 'हरीण' नाहीच. ती एक वेगळी नोकरी आहे. धडधाकट हरणामागे सुटं पळणं आणि दोरीवर एका ठरावीक जनावराचा जुना माग पावलापावलाने काढणं यात कुत्र्याला काही साम्य वाटत नाही, जर आपण गल्लत केली नाही तर. आणि गल्लत होऊ नये म्हणून इथे शेकडो वर्षं एक साधी पद्धत आहे. या कामाचा पट्टा वेगळा. रुंद, जाड चामड्याचा, त्याला १० मीटरची दोरी. तो पट्टा दुसऱ्या कशासाठी कधीच घालायचा नाही, फिरायला नाही, गाडीत नाही. मागाच्या सुरुवातीला घालायचा, जनावर मिळालं की तिथल्या तिथे काढायचा. माझा टेकल घरात धुमाकूळ घालणारा आहे, पण तो पट्टा खुंटीवरून काढला की एकदम शांत होतो, मान पुढे करून उभा राहतो. तुम्ही चिंगीसाठी छातीचा हार्नेस घ्या, ओढली तरी गळा आवळत नाही. ससा म्हणजे कॉलर आणि सुटं. हरीण म्हणजे हार्नेस आणि दोरी. सुटी असताना हरीण कायम बंद, आणि हार्नेसमध्ये ससा कायम बंद. तुमच्या 'समजायचं काय' या प्रश्नाचं उत्तर हेच, तिने जनावर बघून समजायचं नाही, अंगावर काय घातलंय त्यावरून समजायचं.

दुसरं, यासाठी पुढच्या वर्षीपर्यंत थांबायची गरज नाही. सशाच्या धावपळीत आणि यात भांडण नाही, उलट हे काम पिल्लाला संथ करतं. चेकवर पुढे पळत सुटायची जी सवय आहे ना, त्यावर मला तरी याचा उपयोग दिसलाय. सुरुवात अशी करा. हरणाच्या काळजाचा किंवा यकृताचा तुकडा दोरीला बांधून गवतावर ४० पावलं ओढत न्या, शेवटी तोच तुकडा ठेवा. अर्ध्या तासाने तिला हार्नेस घालून सुरुवातीच्या जागी आणा, बोट जमिनीकडे, हळू आवाजात एकच शब्द. कुठलाही शब्द चालेल पण तोच कायम. मी 'शोध' म्हणतो, मराठीतच. पोचली की तिथेच बक्षीस. मग हळूहळू लांबी वाढवा, एक वळण घाला, मग तुकडा ओढण्याऐवजी रक्ताचे थेंब, मग दोन तास शिळा माग, मग रात्रभर शिळा. सीझनमध्ये मित्रांकडून हरणाचे खूर मागून फ्रीझरमध्ये ठेवा, बुटाखाली लावून चाललात की जमिनीवर रक्ताबरोबर खुरांचा वासही उतरतो, इथे त्याचे तयार बूट मिळतात. आठवड्यातून एकदा पुरे. दोनदा केलं तर कंटाळतात, आणि कंटाळलेला कुत्रा फसवायला शिकतो.

कुठपर्यंत जायचं याची कल्पना यावी म्हणून सांगतो, इथल्या मोठ्या परीक्षेत माग १००० मीटरचा असतो, त्यावर जास्तीत जास्त पाव लिटर रक्त, आणि तो कमीत कमी २० तास जुना. पाव लिटर म्हणजे एक मोठा कप, किलोमीटरभर. मधून धडधाकट हरणं, रानडुकरं आडवी गेलेली असतात. कुत्र्याने ताजा वास सोडून तोच शिळा धरायचा. तो क्षण बघण्यासारखा असतो. माझा टेकल ताज्या मागावर आला की डोकं वर करतो, शेपूट जोरात हलते, मग मी दोरी नुसती थांबवतो, ओढत नाही, बोलत नाही. तो एक दोन मिनिटं तिथेच घुटमळतो आणि मग स्वतःहून मागे येऊन नाक खाली घालतो. तेव्हा मी हळूच 'शोध' म्हणतो. तुमच्याकडे हाच क्षण चिंगीला सगळ्यात जास्त शिकवेल, कारण तिला ताज्या हरणाची चटक लागलेली आहे.

आणि खऱ्या कामात सगळ्यात अवघड कुत्र्याचं नाही, माणसाचं असतं. थांबणं. पोटात लागलेलं जनावर निदान सहा-आठ तास उठवायचं नाही. ते जवळच बसतं आणि तिथेच मरतं, आपण घाई करून उठवलं तर दोन मैल जातं आणि मग सापडत नाही. तुम्ही मागच्या वर्षी लगेच टॉर्च घेऊन गेलात ना, कदाचित तिथेच ते निसटलं असेल. बाण लागला ती जागा फांदी खोचून खूण करायची, तिथे फिरायचं नाही, घरी जायचं. इथे जखमी जनावर सोडून देणं हा नियमभंग आहे, माग काढण्यासाठी शिकवलेला कुत्रा उपलब्ध असलाच पाहिजे अशी अट आहे. मला ही अट फार आवडते. ज्याने जखमी केलं त्याची जबाबदारी तिथे संपत नाही.

पशुवैद्य_ताई

शिकवण्यात मी पडत नाही, तब्येतीचं सांगते कारण यात फार हयगय होते.

दहा महिन्यांत हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते. वर्षाची होईपर्यंत एका वेळी तास-दीड तास रान पुरे, त्यातही ओंडक्यांवरून उड्या मारायला लावू नका. अडीच मैल हरणामागे म्हणजे तिच्या सांध्यांवर केवढा ताण आला असेल. गाद्या भरेपर्यंत रान बंद, म्हणजे बंद.

ससा सोलताना हातमोजे घाला, नेहमी. टुलरेमिया नावाचा आजार सशांकडून माणसाला होतो, हाताला बारीकशी चीर असली तरी पुरते. सुस्त, पळत नसलेला ससा मारू नका आणि कुत्रीलाही धरू देऊ नका. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खायचा नाही, आणि मांस नेहमी पूर्ण शिजवायचं. सशाची आतडी बक्षीस म्हणून कुत्रीला टाकायची पद्धत आहे, ती सोडा, त्यातून टेपवर्म होतो.

पेनसिल्व्हेनियात लाइमचा, म्हणजे गोचिडीतून होणाऱ्या आजाराचा, प्रादुर्भाव खूप आहे. रानातून आलं की तिच्या कानामागे, काखेत, बोटांच्या बेचक्यात गोचीड बघायची, रोज. रेबीज, डिस्टेंपर, लेप्टो या लशी पूर्ण हव्यात, रॅकून असलेल्या रानात तर हव्यातच. आणि झाडाच्या बुंध्याशी रॅकूनच्या विष्ठेचा ढीग दिसला तर तिथून दूर न्या, त्यातले जंत माणसालाही धोक्याचे असतात, घरात लहान मुलं असतील तर जास्तच.

शेपटीचं टोक आणि कानाच्या कडा काट्यांनी फाटणार, रक्त भरपूर दिसतं पण घाबरू नका, धुवा, कोरडं करा, चाटू देऊ नका.

जतकर

मी जत तालुक्यातला, घरी तीन पिढ्या कारवानी जातीची कुत्री आहेत. आधी स्पष्ट सांगतो, आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, ससासुद्धा नाही, आणि मी करत नाही. हा धागा वाचून इथल्या कुणी पोरांनी कुत्री घेऊन रानात जाऊ नये म्हणून हे वर लिहिलं. आता ससे आधीच कमी राहिलेत.

पण कुत्रं सोडायला नाही तर थांबवायला कसं शिकवायचं ते मी सांगू शकतो कारण आमचं सगळं आयुष्य त्यातच जातं. कारवानी डोळ्यानं धावतं, नाकानं नाही. ससा नजरेआड झाला की उभं राहून मान वर करून बघत बसतं. पण नजरेत आलं की ससा काय, मोर काय, शेजाऱ्याचं करडू काय, त्याला सगळं सारखंच. ज्वारीची काढणी चालू असते तेव्हा पेंढ्यांखालून ससे उठतात, त्या पंधरा दिवसांत आम्ही कुत्र्याला साखळीतून सोडतच नाही, किती ओरडलं तरी. जे करू द्यायचं नाही ते करायची संधीच पिल्लाला मिळू द्यायची नाही, एकदा चव लागली की मग काढायला दहापट कष्ट.

आणि पिल्लू दोन महिन्यांचं झालं की रोज संध्याकाळी करडं सोडायच्या वेळी त्याला शेळ्यांच्या गोठ्यात खुंटीला बांधायचं, आखूड दोरी. एखाद्या करडावर झेप घेतली की त्याची आईच डोक्यानं असा धक्का देते की परत बघत नाही. आपल्याला हात लावावा लागत नाही. महिनाभरात ते पिल्लू करडांच्या अंगावर डोकं ठेवून झोपतं. तुमच्याकडे तसं हरीण कुठून आणणार, पण मुद्दा हा की पिल्लाने ते जनावर शांतपणे, रोज, न पळता बघितलं पाहिजे. तुमच्या तिथे हरणं रस्त्याकडेला चरत असतात म्हणे, तर रोज संध्याकाळी तिला दोरीला धरून लांबून नुसतं बघायला बसवा. बघून झालं की घरी. हळूहळू ते तिच्यासाठी झाडासारखं होऊन जाईल.

इकडे आमच्या शेजारच्या मुधोळची, याच जातीची पिल्लं २०१६ मध्ये मेरठला लष्कराच्या केंद्रात नेली होती ट्रेनिंगला. शिकार बंद झाली म्हणून कुत्रं वाया जात नाही, त्याला दुसरं काम शिकवावं लागतं एवढंच. ते जर्मनीवाले दादा म्हणाले तसं.

पिट्सबर्गकर

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून फ्रीजवर लावलंय. पाच आठवड्यांनी लिहितोय.

ताई, गाद्या भरेपर्यंत दोन आठवडे रान बंद ठेवलं. मावळे, बंदुकीचं झालं नव्हतं, ते केलं, आता जेवताना .२२ वाजली तर नुसता कान हलवते. जतकर दादा, तुमचं ऐकून रोज संध्याकाळी आमच्या मागच्या टेकडीवर तिला घेऊन बसतो, समोर सहा-सात हरणं येतात चरायला. पहिल्या दिवशी रडून रडून घसा बसवला तिने. काल वीस मिनिटं बघितलं आणि मग माझ्या मांडीवर हनुवटी टेकवली.

अण्णा, गेल्या रविवारी बीगल क्लबच्या रानात नेली, आजोबांनाही खुर्ची घेऊन बरोबर नेलं. रात्री पाऊस झाला होता. गोल्डनरॉड नावाच्या रानटी झुडपांच्या वाळलेल्या पट्ट्यातून तिने ससा उठवला, ओढ्यापर्यंत गेली, तिथे आवाज बंद. मी ओठ दाबून उभा. आजोबांनी घड्याळ बघितलं. चार मिनिटं काही नाही, नुसती पाचोळ्याची खसखस, आणि मग मागच्या बाजूने, ओढ्याच्या अलीकडून, तिचा आवाज उठला. ससा आमच्या पुढून खुर्चीपासून पाच पावलांवरून गेला, मागोमाग ती. बंदूक आणलीच नव्हती. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली.

खारीचा नाद मी सोडला, तिने सोडला नाही.

काळ्या_रानात, हार्नेस आणला, नारिंगी. यकृताचा माग ४० पावलं, तीनदा झाला, तिन्ही वेळा पोचली, पण काल उत्साहाने मी १५० पावलं आणि दोन वळणं केली तर ती दुसऱ्या वळणावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. काय चुकलं?

काळ्या_रानात

चुकलं तुमचं, तिचं नाही. एकदम दोन गोष्टी वाढवल्यात, लांबी पण आणि वळण पण. एका वेळी एकच. आणि ती तुमच्याकडे बघते तेव्हा तुम्ही काय केलंत? बोटाने दाखवलंत ना? तेही नको. आता दहा दिवस काही करू नका, मग पुन्हा ४० पावलं, सरळ, आणि शेवटी नेहमीपेक्षा मोठा तुकडा. वळण त्यानंतरच्या आठवड्यात, आणि वळणावर झाडाला चिंधी बांधा म्हणजे माग कुठे आहे ते तुम्हाला तरी नक्की माहीत असेल.